कोल्ह्याच्या वाटेत

जुलैच्या पहिल्या आठवड्यात, उत्तर ध्रुवाकडच्या बॅफिन बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, तुतारी या छोट्या पाणपक्ष्यांच्या अभ्यासासाठी उभारलेल्या तळापासून हाकेच्या अंतरावर, एक कोल्हा उरलेल्या एकमेव घरट्याकडे निघाला होता.

त्या साली लेमिंग उंदीर दिसेनासे झाले होते. म्हणून कोल्ह्यांनी अंड्यांवर मोर्चा वळवला होता आणि बाकीची घरटी फस्त केली होती. तळप्रमुख ग्वेन दुर्बिणीतून पाहत होती. नियम तिनेच घातला होता: किती घरटी जगतात हे जाणायचे असेल, तर मध्ये पडायचे नाही. कोल्हा हाकलला की ते घरटे मोजणीतून बाद. तिची सहकारी ओडील हिची दोन घरटी तिने याच कारणाने बाद केली होती. "तुझ्या छातीत काळीज आहे की गोठलेली माती?" असे तेव्हा ओडीलने विचारले होते.

अंड्यांवर बसलेल्या मादीच्या पायातले पांढरे कडे ओळखीचे होते. ते ग्वेननेच चढवले होते, आणि तेव्हापासून ते पाखरू दर उन्हाळ्यात दक्षिण अमेरिकेतून याच किनाऱ्यावर परतत होते.

कोल्ह्याने नाक खाली घातले. ग्वेन उठली. हातातला थर्मास भिरकावून ती ओरडत धावली. कोल्हा पळाला.

अस्वलांच्या पहाऱ्यावर बंदूक घेऊन बसलेला जोआनासी पोट धरून हसला.

"अगं, आधी चहा तरी प्यायचास! सांडला सगळा." मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "ओडील तंबूत झोपलीय. आणि मी काही पाहिलं नाही. मला अस्वलांकडे बघायला ठेवलंय, बायकांकडे नाही."

ग्वेनने रिकामा थर्मास उचलला. ते घरटे मोजणीत धरले, तर उन्हाळा सार्थकी लागणार होता. न धरले, तर पदरात काहीच पडणार नव्हते.

पुढच्या आठवड्यात अंडी फुटली. कापसाच्या बोंडाएवढी चार पिल्ले शेवाळावरून ग्वेनच्या बुटांभोवती तुरुतुरु धावू लागली.

"एक तरी तगलं गं!" ओडील गुडघे टेकून म्हणाली. "चार धरू ना?"

जोआनासी तोंडातली बॅनक रोटी चघळायचा थांबला.

"कोल्हा मी हाकलला होता," ग्वेन म्हणाली. "हे घरटं बाद. यंदा एकही पिल्लू निघालं नाही."