बसायची फळी

"घट्ट धर," सुपडू मिस्तरी म्हणाला आणि त्यानं पुढचा खिळा होडीच्या बुडावर टेकवला.

पालथ्या होडीखाली वना उकिडवा बसला होता. सोसायटीची ही फायबरची होडी राखायचं काम त्याचं, आणि आता त्याच होडीत बाकडं दाबून धरायची पाळीही त्याचीच. रांजणातून यावा तसा त्याचा आवाज आला. "सुपडूभो, हाई बैलगाडी नही, होडी शे. चेरमननी देखं ते माले हाकली दी."

"बठाले जागाच नही तिन्हामा. मानसं काठवर बठतस, बाया तळमा भिजतस."

"हाई आजच आठवनं तुले?"

सुपडूनं हातोडीनंच उत्तर दिलं.

आज त्याची विधवा सून बेबाबाई धरणाच्या पाण्यापलीकडे जाणार होती. चोपड्याकडच्या काठावर तिचे भाऊ जीप घेऊन थांबले होते. दिवस मावळायच्या आत दुसऱ्या नवऱ्याशी तिचा पाट लागायचा होता. पाटाला निघालेल्या बाईला कुणी वाजतगाजत वेशीतून नेत नाही. ती मागल्या दारानं निघते. होकार सुपडूनंच दिला होता. पोरगा गेला, आता तिला घरात बसवून तिचं काय लोणचं घालायचं का, असं तो बायकोला म्हणाला होता. बायको तेव्हापासून त्याच्याशी बोलत नव्हती. बैलगाडीच्या जुन्या फळीचं हे बाकडं म्हणजे त्याला जमेल तेवढी पाठवणी.

"पन ती बठी का तुन्हा समोर?" होडीखालून वनानं विचारलं.

प्रश्न खोटा नव्हता. सून सासऱ्यासमोर उंचावर बसत नाही, खाटेवर नाही की ओट्यावर नाही. बोलायचं तर नाहीच. बेबाबाई लग्न होऊन आली तेव्हापासून सुपडूला जेवायला बोलवायचं म्हणजे ताट फरशीवर जरा जोरानं सरकवायची. तेवढ्या आवाजावर तो उठून यायचा.

"सून म्हनीसन नही धाडी ऱ्हायनू," सुपडू म्हणाला. "पोर म्हनीसन धाडी ऱ्हायनू. पोर बठस बापना समोर."

होडी सुलटी केली तेव्हा वनानं बुडातले खिळे बोटानं चाचपले. "पानी शिरी का?"

"लाकूड पानी पी, फुगी, नि भोक बुजी जाई." हयातभर सुपडूनं हेच केलं होतं. गाडीचं चाक खिळखिळं झालं की रात्रभर नाल्यात बुडवायचं, सकाळी सांधा दगडासारखा. वनाला पटलं. दोघांनी होडी पाण्यात लोटली.

बेबाबाई गाठोडं घेऊन आली. पदर नाकापर्यंत. ती बाकड्याशी क्षणभर थांबली, मग गाठोडं बाकड्यावर ठेवलं आणि स्वतः खाली तळात बसली.

"बाकडं तुन्हाकरताच शे, माय," सुपडू पाण्याकडे बघत म्हणाला.

तिनं पदर आणखी खाली ओढला.

वनाला काठावर ठेवून तो स्वतःच वल्ही मारू लागला. या होडीची दोन्ही वल्ही कड्यांत अडकवलेली, त्यामुळे वल्हवणाऱ्याची पाठ पुढे आणि तोंड मागे. जायचा काठ त्याला दिसत नव्हता. दिसत होतं ते मागे राहिलेलं गाव, आणि मध्ये सुनेचा पदर.

लाकूड पाणी प्यायलं, फुगलंही. फायबर काही प्यायलं नाही. भोकं होती तशी राहिली. पाणी आधी बेबाबाईच्या पायाशी आलं. तिनं होडीत पडलेला डालडाचा डबा हळूच ओढून घेतला आणि उपसायला लागली, अगदी काठाशी, आवाज न करता. मिस्तरीचं काम चुकलं हे मिस्तरीला कळू नये अशा बेतानं. सुपडूला कळलं ते त्याचे घोटे भिजल्यावर.

त्यानं वल्ही वर धरली. होडी भर पाण्यात थांबली.

तिच्या भावांनी सांगून ठेवलं होतं, नव्या नवऱ्याकडचे लोक पुन्हा जमायचे नाहीत, आज नाही तर नाहीच. सुपडूच्या छातीवरचं काहीतरी उतरलं, आणि ते उतरलं म्हणून त्याची त्यालाच लाज वाटली. आता मागे वळलं तर कुणी नाव ठेवणार नव्हतं. होडीच फुटकी. संध्याकाळी घरात ताट सरकल्याचा आवाज येणार होता.

"पानी चढी ऱ्हायनं," तो म्हणाला. "परत फिरूत का?"

डबा थांबला. वाऱ्यानं होडी आपोआप वळत होती, कुठल्याच काठाकडे नाही.

बेबाबाई उठली. होडीचा काठ धरून, तोल सांभाळत. गाठोडं तिनं बाजूला सारलं आणि बाकड्यावर बसली, त्याच्या अगदी समोर. निथळतं लुगडं पिळलं. मग पदर कपाळावर सरकवला आणि त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघितलं.

सुपडूनं मान खाली घातली. किती लहान तोंड होतं हे.

तो पुन्हा वल्हवायला लागला. मान वळवली असती तर काठ दिसला असता. त्यानं वळवली नाही.

"आबा, डावा आंगे ल्या."

आवाज त्याच्या ओळखीचा नव्हता. त्यानं आपल्या डावीकडे होडी घेतली. ती भलतीकडेच वळली.

"तुमना डावा नही, आबा. मन्हा डावा."

उजव्या हातानं ती पाणी उपसत होती. बांगडी नसलेला डावा हात तिनं वर धरला, आणि तो हात बघत बघत सुपडूनं होडी तिच्या भावांच्या काठाकडे लावली.