चौदा नंबरची पिशवी

आंबोलीच्या सड्यावर, डोंगरमाथ्याच्या कातळपठारावर, बॉक्साइट शोधायला आलेल्या साहेबांच्या हाताखाली सुभद्रा दगड-मातीच्या नमुन्यांच्या पिशव्या वाहायची. चौदा नंबरचा खड्डा नेमका झऱ्याच्या डोक्यावर खणला. तिथं माल निघाला तर खाण होणार आणि झरा जाणार, हे तिनं ओळखलं. अख्खी वाडी त्या झऱ्यावर जगत होती. पिशवीतले दगड तांबडेलाल, वजनदार होते; मोलाचा माल असाच असणार, असं तिला वाटलं. म्हणून वाटेत घराशी थांबून तिनं ते दगडी कुंपणाच्या गडग्यापलीकडे फेकले आणि परसातले फिकट, हलके खडे भरले. त्या परसात सासूनं वीस वर्षं मरमर केली, तरी कुळीथसुद्धा धरला नव्हता. महिन्याभरानं मुंबईहून तपासणीचा कागद आला. साहेबांनी सगळ्यांना गोड खाजं वाटलं. "चौदा नंबर सर्वांत उत्तम निघाला! असला फिकट, हलका दगड म्हणजेच खरा बॉक्साइट. तांबडा निघाला असता, तर त्यात नुसतं लोखंड. आम्ही हा डोंगर सोडूनच दिला असता. आता उद्यापासून झऱ्याभोवती पंचवीस खड्डे." सुभद्राच्या हातातलं खाजं हातातच राहिलं. "सायबानू, ती माती झऱ्याकडची नाय," ती कशीबशी म्हणाली. "मियाच बदलली ती." साहेबांनी नकाशा पसरला आणि पेन्सिल उचलली. "मग ती कुठली?" खाली तिच्या परसात सासू नाचणी वाळत घालत होती. सुभद्रानं तिकडे बोट दाखवलं.