नाव सोमवार
माझा लेक हितेंद्र सीमेवरून सुखरूप परतावा म्हणून मी सोळा सोमवार धरले होते, आज पंधरावा. अकरा दिवस त्याचा फोन नव्हता, जीव थाऱ्यावर नव्हता. त्याच्या तुकडीतला योगराज जखमी होऊन घरी आलेला, तो नरडाण्याहून भेटायला आला. मी त्याला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी वाढली. "मावशी, तुम्ही नाही जेवत?" "आज सोमवार शे, भाऊ." तो हसला. "तुमच्या हितेंद्रचं नावच आम्ही सोमवार पाडलंय. लढाईत रसद अडकली, मोजक्याच रोट्या यायच्या. हा बुधवारीही म्हणे, 'आज माझा सोमवार, माझी तुम्ही खा.'" तेवढ्यात फोन वाजला. हितेंद्रच होता. "योगराज बसलाय इथं. जेवलास का?" "आई, आज तर खरंच सोमवार." देव्हाऱ्यातल्या महादेवाकडे पाहून मी हात जोडले. भाकरीचा तुकडा मोडून तोंडात घातला. "मी सोमवार मोडला, बेटा. आता तू जेव."