माझी कुणी नाही

बोस्नियातल्या त्या गावात युद्ध पोचलं आणि शिपायांनी मुसलमान बायकांना घराघरांतून ओढून बसमध्ये कोंबलं. पुरुषांना आदल्या दिवशीच नेलं होतं. पोटुशी अल्मासा आपल्या सासूचा, म्हाताऱ्या हातिजाचा, हात घट्ट धरून बसली होती.

एवढ्यात शेजारची स्टोयान्का धापा टाकत बसच्या दारात आली. ती ख्रिस्ती, म्हणजे शिपायांच्यातलीच. अल्मासाकडे बोट दाखवत ती ओरडली, "अरे, माझ्या सुनेला कुठे नेताय? गर्दीत चुकून चढली ती!"

शिपायाला संशय आला. त्यानं हातिजाला बंदुकीनं ढोसलं. "म्हातारे, ही तुझी कोण?"



हातिजानं आपला हात सोडवून घेतला. "माझी कुणी नाही. मघापासून अंगावर रेलून बसलीय. उतरवा हिला."

शिपायानं अल्मासाला दंडाला धरून खाली ढकललं. मागे वळून बघायची सोय नव्हती. तिला ओढत नेताना स्टोयान्का करवादली, "घरात कामं पडलीत आणि ही निघाली गावभर!" मग हळूच पुटपुटली, "काहीतरी बोल गं. तो बघतोय."

त्या बसमधलं कुणीही पुन्हा दिसलं नाही. पण ते नंतरचं. तेव्हा बस नुकती घरघरायला लागली होती आणि खिडक्या उघड्या होत्या.

"चुकले, आई!" अल्मासा ओरडली. बघत होती शेजारणीकडे, पण आवाज बसमधल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल इतका मोठा होता.