डावीकडची जागा

लिंगायतांत माणूस गेलं की त्याला मातीत झोपवत नाहीत, बसवतात. कसबा बावड्याच्या शेतात शिवमूर्ती आठ वर्षांपूर्वी तसेच मांडी घालून बसले. त्यांच्या डावीकडची चार हात जागा बसम्मानं स्वतःसाठी राखली होती. तिथं उसाची एक कांडीही लावू दिली नव्हती. आज बांधावर जेसीबी आला, तशी ती त्या जागेवर फतकल मारून बसली आणि लेकावर कडाडली, "सोमेश, बापाच्या डोक्यावर बिल्डिंग बांधतोस व्हय रं? ही जागा त्यांनी जित्यापणी मला दावलीया. कागदबी केलाय!"

"त्योच कागद हाय ह्यो, अव्वा." सोमेशनं मान खाली घालून कागद पुढं धरला. "शेत अप्पांनीच इकलंय. ताबा तेवढा यंदा द्यायचा हुता. खाली तुझाबी अंगठा हाय की."

बसम्माला ती शाई आठवली. 'तुझी जागा पक्की करतोय' म्हणत नवऱ्यानंच तिचा अंगठा धरून टेकवला होता.

ती समाधीकडं वळली. "सगळं इकून बसलासा व्हय, धनी?"