आमच्या वॉर्डातलं शून्य

पलीकडच्या वॉर्डाच्या बाथरूममध्ये मिस्त्री स्टीलचे दांडे बसवत होता आणि इकडे माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. धरायला दांडे तिथे, खरखरीत फरश्या तिथे, जादा मावशीही तिथेच. सगळं त्या रेवंडकर सिस्टरला!

आणि भिंतीवरचा तक्ता काय सांगतो? महिन्यात किती पेशंट पडले, ते प्रत्येक वॉर्डाने त्यावर लिहायचं असतं. तिचे नऊ. माझं शून्य, तेही सलग चार महिने.

तणतणत मोठ्या डॉक्टरांकडे गेले. "सर, जिच्याकडे नऊ पेशंट पडले तिला बक्षीस, आणि मला काय?"

"बक्षीस कसलं, सिस्टर? कोण, कुठे, किती वाजता पडलं, सगळं लिहितात त्या. नवांतल्या सहाजणी बाथरूमच्या दारातच घसरल्या, म्हणून तिथे दांडे लावले. तुमच्याकडे कुणी पडतच नाही. मग मी कुठे लावू?"



खाली मान घालून वॉर्डात परतले, तर बाथरूमच्या दारात चार नंबरच्या आजी ओल्या फरशीवर बसलेल्या. मनगट सुजून टम्म झालं होतं. मी धावत जाऊन त्यांना सावरलं.

माझ्या खांद्याला धरून उठता उठता त्या हळूच म्हणाल्या, "घाबरू नका, सिस्टर. परवा तुम्ही शिकवलंत, तस्संच सांगेन. पडले नाही, नुसती बसले होते."