शेजारची जागा

चूक तुमची आहे. पोरीची नाही आणि तिच्या बापाची तर नाहीच नाही. खात्यातल्या पंख्याखाली बसून तुम्हीच लिहिलंत, 'बारा वर्षांवरील मुलास पालकाच्या देखरेखीखाली ट्रॅक्टर चालवता येईल. पालकाने पूर्ण वेळ मुलाच्या शेजारी राहावे.' लिहिलंत, शिक्का मारलात, चहा प्यायलात. ट्रॅक्टरला बैठक एकच असते, हे तुमच्यापैकी कुणी कधी पाहिलं होतं का?

बारकीच्या बापानं तो कागद अक्षरन्‌अक्षर पाळला. लेकीचा पाय पोचावा म्हणून क्लचवर लाकडी ठोकळा तारेनं बांधला आणि स्वतः शेजारी उभा राहिला. शेजारी म्हणजे मडगार्डवर. दुसरं आहे काय तिथं? आठव्या दिवशी बारकीचा पाय ठोकळ्यावरून सटकला, ट्रॅक्टर बिथरल्या घोड्यासारखा उसळला आणि बाप चाकाच्या कडेला पडला. डोकं वीतभरानं वाचलं. पाय नाही वाचला.

आता तो ओट्यावर खाटेत होता, मांडीपर्यंत प्लास्टर. अंगणात तुमच्या खात्याचे दाखलेवाले सर उभे, हातात फळी, फळीवर फॉर्म, फॉर्मखाली नियमांची पुस्तिका. चालवणाऱ्याचा दाखला असेल तरच अवजारांच्या केंद्रातून पेरणीयंत्र मिळणार होतं. आसपासचे सगळे ड्रायव्हर आपापल्या रानात अडकलेले. बारकीच्या आईनं सकाळपासून तीनदा रानात जाऊन माती मुठीत दाबून पाहिली होती. ढेकूळ दर वेळी आधीपेक्षा लवकर फुटत होतं. दोन दिवस, फार तर तीन. मग ओल गेली म्हणजे वर्ष गेलं.

"ठोकळा बघ, घट्ट आहे का," खाटेवरून आवाज आला.

"बघितला."

"परत बघ."

बारकी वाकली, ठोकळा हलवून पाहिला. बाप पडल्यापासून ती जेवताना त्याच्यासमोर बसत नव्हती. त्यानं एका शब्दानं बोल लावला नव्हता. फक्त आधी तो तिला 'ड्रायव्हरसाहेब' म्हणायचा, ते बंद झालं होतं. आईला मोडलेल्या पायापेक्षा तेच जास्त डाचत होतं.

"पालक कोण?" सरांनी विचारलं.

"मी," आई म्हणाली.

"तुम्हाला येतं चालवायला?"

"नाही. मला कुणी शिकवलंच नाही. कागदात आहे का, यायला पाहिजे म्हणून?"

सरांनी कागद वरून खाली वाचला. "नाही. देखरेख पाहिजे फक्त. चढा शेजारी."

आईनं चपला काढल्या आणि ती चढली. नवऱ्याचा बूट घसरला होता तिथं मडगार्डचा रंग लांबलचक खरवडून निघाला होता. बरोबर त्याच ओरखड्यावर तिला पाय ठेवावा लागला, कारण दुसरीकडे तो राहतच नव्हता. एका हातानं बैठकीची पाठ धरली. दुसऱ्या हाताला धरायला काहीच सापडेना.

बारकीनं किल्ली फिरवली. सगळं धूड थरथरलं. आईचे दात एकमेकांवर वाजले.

आणि इंजिन बंद झालं. बारकीनंच केलं.

"काय झालं?" सर म्हणाले.

"आई खाली उतरेपर्यंत मी चालवणार नाही."

"मग फॉर्म अपुरा राहील, बाळ."

"अगं, मी धरलंय घट्ट," आई म्हणाली.

"बाबांनी पण धरलं होतं."

ओट्यावरची खाट करकरली.

आई उतरली. तळपाय पुसून चपला घातल्या आणि सरांपुढं जाऊन उभी राहिली. "सर, तुम्ही शिकलेली माणसं. एकदा वर उभं राहून दाखवा. पाय कुठं ठेवायचा, हात कुठं. मी बघून तस्संच करीन."

सर कसनुसं हसले. "मला नाही चालत ते."

"का? गुडघे दुखतात?"

"तसं नाही हो. आमच्या माणसानं चालत्या यंत्रावर उभं राहायचं नाही, असा नियमच आहे. याच पुस्तिकेत, मागच्या पानावर. आमचा एक जण पडला होता ना."

खाटेवरचा बाप हसायला लागला. असा हसला की प्लास्टर खाटेच्या लाकडावर दोनदा आपटलं आणि डोळ्यांत पाणी आलं. ते दुखण्याचं का हसण्याचं, त्यालाच ठाऊक. मग त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं.

"ड्रायव्हरसाहेब," तो म्हणाला, "किल्ली काढून घ्या."

बारकीनं मान वर केली. पहिल्यांदा त्याच्याकडे सरळ बघितलं. किल्ली काढली, मुठीत धरली आणि ठोकळ्यावर पाय न देता उडी मारून खाली आली. तिचं डोकं सरांच्या खांद्यापर्यंतही पोचत नव्हतं.

"सर, मला येतं चालवायला. आत्ता चालवून दाखवते. फक्त आईनं कुठं उभं राहायचं, तेवढं लिहून द्या. खाली सही करा."

सर पुस्तिका उलटू लागले. पुढचं पान, मागचं पान, परत पुढचं. त्यांच्या खिशाला पेन होतं, तरी आईनं आतून घरातलं आणून पुढं केलं.

वारं सुटलंय. रानाच्या कडेची माती उडायला लागलीय. आई पेन धरून उभी आहे आणि पोरगी किल्ली धरून. तुमच्या माणसाची पानं उलटून संपत नाहीत, म्हणून तुम्हालाच विचारायचं.

बोला. कुठं उभं राहायचं तिनं?